सोसणें आणि सांगणें

मुलगा पडून गुडघा फुटला तर आई जखमेंत हळद दाबी आणि ओसरीवरून वडील म्हणत, "पुरुषासारखा पुरुष, आणि रडतोस काय?" आमच्या पिढींत घरोघरीं दुखणें सोसण्याचें शिक्षण असें सुरू होई. पुढें आम्ही स्वतः शिक्षक झालों, तेव्हां छत्तीस वर्षें हाच धडा आम्हीं दुसऱ्यांच्या मुलांस दिला. संस्कृतच्या तासाला 'तितिक्षा' हा शब्द फळ्यावर लिहावा, तो 'तिज्' धातूपासून कसा सिद्ध होतो तें सांगावें, आणि शीतोष्ण, सुखदुःखें निमूटपणें सहन करणें हें थोरपणाचें लक्षण आहे असें बजावावें, हा आमचा दरवर्षींचा परिपाठ. एकदां एक मुलगा कान धरून मुसमुसत होता. आम्हीं त्यास तितिक्षेचा अर्थ विचारला आणि उभें केलें. दुसऱ्या दिवशीं तो कानांत कापूस घालून आला. रात्रीं त्याच्या कानाचा पडदा फुटला होता. ती गोष्ट आम्ही लौकरच विसरलों. अलीकडे मात्र ती वारंवार आठवते. त्याचें कारण सांगण्यासाठींच हा लेख.

आमच्या थोरल्या बंधूंस घरांत लहानथोर सर्वच 'दादा' म्हणतात. २०१३ सालीं त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या असतां पायांतील शीर किंवा छातीच्या आंतल्या बाजूची धमनी घेऊन रक्तास नवा मार्ग काढून देतात, ती ही शस्त्रक्रिया. 'बायपास' या नांवानें ती आतां घरोघर माहीत आहे. हृदयापर्यंत पोंचावयाचें तर बहुधा छातीच्या मधोमध असलेलें उरोस्थि नांवाचें हाड करवतीनें उभें चिरावें लागतें. काम झाल्यावर तें पोलादी तारांनीं पुन्हां बांधतात. मोडलेल्या हातास गळ्यांत बांधून स्वस्थ ठेवतां येतें; परंतु छातीचें हाड श्वासागणिक हलतें, त्यास विश्रांति कोठून मिळावी?

दादांस दुखण्यावर अफूच्या वर्गांतील औषध शिरेंतून देत असत. त्यानें दुखणें दबे, पण मळमळ होई, डोळे जड होत, आणि रात्रीं ते भ्रमांत कोंकणांतल्या जुन्या घरांतील माणसांस हांका मारीत. म्हणून औषध कमी केलें. मग दुखूं लागलें. पण दादा तोंडांतून ब्र काढतील तर शपथ! "दादा, दुखतें का?" असें विचारलें कीं "छे, कांहीं नाहीं," हें उत्तर ठरलेलें. भेटावयास येणाऱ्यांपुढें आम्ही मंडळी अभिमानानें सांगत असूं, "छाती फाडली, पण माणूस हूं कीं चूं करीत नाहीं!" चौथ्या दिवशीं ताप भरला. दुखतें म्हणून दादा खोल श्वास घेत नव्हते आणि खोकला आला तर गिळून टाकीत होते. फुप्फुसाचा खालचा भाग मिटून गेला, कफ आंतच सांचला आणि त्यांत जंतूंनीं घर केलें. आठ-दहा दिवसांत घरीं यावयाचे ते सव्विसाव्या दिवशीं आले. वहिनींनीं ते दिवस कसे काढले, तें त्यांचें त्यांस ठाऊक. आम्हीं मात्र त्या न्यूमोनियाचा दोष ग्रहांस दिला. आमच्या कौतुकाचा त्यांत कांहीं भाग असेल ही शंकाहि आम्हांस शिवली नाहीं.

गेल्या वर्षीं कार्तिकांत आमची पाळी आली. पर्वतीच्या पायऱ्या चढतांना छातींत दडपण येऊं लागलें, तपासण्या झाल्या, आणि तीन रक्तवाहिन्या तुंबल्या आहेत असें निघालें. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळीं एक तरुण डॉक्टरीणबाई खोलींत आल्या. भूल देण्याचें काम त्यांचें. आमची एखादी जुनी विद्यार्थिनी शोभावी असें वय. त्यांनीं सर्व चौकशी केली आणि म्हणाल्या, "सर, नेहमींच्या भुलीशिवाय छातीच्या दोन्ही बाजूंस एक-एक सुई देऊन तिथल्या मज्जातंतूंचा रस्ता थोडा वेळ अडवावा असा माझा विचार आहे. याला ब्लॉक म्हणतात. तुमची संमति हवी."

आम्हीं ताठपणानें उत्तर दिलें, "आणखी सुया कशाला? आम्हांला सोसण्याची सवय आहे."

बाई हंसल्या नाहींत. म्हणाल्या, "सोसायला माझी ना नाहीं, सर. पण सोसतांना श्वास घेणार कसा? आतां मोठ्यानें खोकून दाखवा बघूं." आम्ही खोकलों. "छातीवर हात ठेवून पुन्हां खोका." पुन्हां खोकलों. हाताखालीं सगळी छाती दणकन् हादरली. "उद्यां याच हाडाचे दोन तुकडे तारेनें बांधलेले असतील. आणि असें खोकल्यावांचून तुमचा कफ सुटणार नाहीं."

त्या क्षणीं दादांचा सव्वीस दिवसांचा हिशेब आम्हांस प्रथम कळला. आम्हीं मुकाट्यानें कागदावर सही केली, आणि मग जित्याची खोड म्हणून प्रश्न विचारण्यास सुरुवात केली. बाईंनीं अर्धा तास बसून उत्तरें दिलीं. पुढें घरीं पडल्या पडल्या त्या विषयावरचें आणखीहि वाचलें. त्याचा सारांश वाचकांपुढें ठेवतों.

'वेदना' हा शब्द 'विद्' म्हणजे जाणणें या धातूपासून आला आहे. 'वेद' हा त्याचाच सख्खा भाऊ. आमच्या पूर्वजांनीं दुखण्यास 'जाणीव' हें नांव दिलें, आणि आजचें शरीरशास्त्रहि तेंच सांगतें. जखम छातीवर असते, पण दुखतें तें मेंदूस कळल्यावर. ही वार्ता नेणारे जासूद म्हणजे मज्जातंतु. पाठीच्या कण्यापासून प्रत्येक दोन बरगड्यांमधून एकेक मज्जातंतु निघून पुढें छातीकडे येतो. उरोस्थीच्या भागाची वार्ता मुख्यतः दुसऱ्या ते सहाव्या तंतूंच्या टोंकाच्या शाखा नेतात. मज्जातंतूच्या भिंतींत सूक्ष्म दारें असतात. त्यांतून सोडियमचे कण आंत शिरले म्हणजे विजेसारखा संदेश पुढें सरकतो. बधिर करण्याचें औषध हीं दारें कांहीं तास बंद ठेवतें. जखम जागच्या जागीं राहते, फक्त तिची वार्ता वाटेंत अडते. संस्कृतांत 'बधिर' म्हणजे बहिरा. मराठीनें तो शब्द अंगाच्या बधिरतेस लावला, तो किती समर्पक आहे! हात मुका होत नाहीं, मेंदु त्याच्यापुरता बहिरा होतो.

वेदनेवर उपाय शोधण्याची धडपड फार जुनी आहे. ज्यास वेदना सहन होत नाहीं त्यास शस्त्रकर्मापूर्वीं मद्य पाजावें, असें सुश्रुतसंहितेंत सांगितलें आहे. त्याच ग्रंथांत शरीरांतील १०७ मर्में मोजून हृदयास सद्यःप्राणहर मर्मांत घातलें आहे. तेथें शस्त्र लावण्याची कल्पनाहि त्या आचार्यांस करवली नसती. परंतु वेदना न सोसणाऱ्या रोग्याची त्यांनीं हेटाळणी केली नाहीं, त्याच्यासाठीं उपाय सांगितला, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. युरोपांत १८४६ नंतर ईथरची भूल प्रचारांत आली. तिनें सगळा माणूसच बेशुद्ध होई. एकच भाग बधिर करण्याची युक्ति १८८४ सालीं व्हिएन्ना येथील कार्ल कोलर या तरुण डॉक्टरास सांपडली. कोकेनचे थेंब डोळ्यांत घातले तर टांचणी टोंचली तरी कळत नाहीं, हें त्यानें बेडकावर आणि मग स्वतःच्या डोळ्यावर पाहिलें. हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यांच्या सभेस जाण्यापुरते पैसे त्याच्यापाशीं नव्हते. त्याचा निबंध दुसऱ्यानें वाचून दाखविला, आणि थोड्याच दिवसांत ती वार्ता जगभर गेली. न्यूयॉर्कमध्यें विल्यम हॉल्स्टेड या शस्त्रवैद्यानें कोकेन थेट मज्जातंतूपाशीं टोंचून सबंध भाग बधिर करून दाखविला. पण प्रयोग स्वतःवर करतां करतां त्यास त्या विषाचें व्यसन जडलें. पुढें निर्धोक औषधें शोधण्यांत आलीं. दांत काढतांना आज जें लिग्नोकेन सर्रास टोंचतात, तें १९४३ सालीं स्वीडनमध्यें निल्स लॉफग्रेन यांनीं तयार केलें. त्याहून अधिक वेळ टिकणारीं औषधें त्यानंतर आलीं.

इतकी साधनें हातीं असतां १९५३ सालीं हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्यानें उघड्या हृदयावरील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया झाल्यानंतरहि कित्येक दशकें हृदयरोग्यांस मुख्यतः अफूवर्गीय औषधांवरच कां ठेवावें लागलें, असा प्रश्न आम्हीं बाईंस केला. त्याचें उत्तर विचार करण्यासारखें आहे. छाती बधिर करण्याचा खात्रीचा जुना मार्ग म्हणजे पाठीच्या मणक्यांमधून सुई घालून मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक नळी ठेवणें. परंतु हृदयाच्या शस्त्रक्रियेंत रक्त गोठूं नये म्हणून हेपॅरिन नांवाचें औषध भरपूर द्यावें लागतें. अशा वेळीं मणक्यांच्या अरुंद जागेंत सुईनें एखादी शीर दुखावली असेल तर रक्त थांबत नाहीं. तें सांचून मज्जारज्जूवर दाब येतो आणि पाय कायमचे लुळे पडण्याचें भय असतें. असें क्वचितच घडतें, पण ज्याच्यावर घडेल त्याचा जन्म वाया जातो. साध्या वेदनाशामक गोळ्यांचा मोठा वर्गहि येथें निरुपयोगी. दाह कमी करणाऱ्या त्या गोळ्यांनीं बायपासनंतर हृदयास व मेंदूस अपाय होण्याचा धोका दिसून आल्यामुळें २००५ पासून अमेरिकेंत त्यांवर तशी स्पष्ट सूचनाच छापावी लागते. आमच्या घरीं गुडघेदुखीची गोळी डब्यांतून काढून कोणासहि देण्याची पद्धत होती. ती आम्हीं आतां बंद केली आहे.

वाट निघाली ती ध्वनिलहरींनीं शरीराचें अंतरंग दाखविणाऱ्या सोनोग्राफी यंत्रामुळें. कण्यापासून दूर, स्नायूंच्या दोन पदरांमध्यें जी फट असते, तेथें सुईचें टोंक पडद्यावर पाहत पाहत नेतां येतें. त्या फटींत औषध सोडलें कीं तें पाटाच्या पाण्यासारखें पसरतें आणि वाटेंतील मज्जातंतूंस भिजवितें. २०१६ सालीं मॉरिसिओ फोरेरो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पाठीचा कणा ताठ धरणाऱ्या स्नायूखालीं औषध सोडण्याची रीत प्रसिद्ध केली. तिचा उपयोग हृदयाच्या शस्त्रक्रियेंत भारतांतील डॉक्टरांनींहि थोड्याच वर्षांत करून पाहिला. दुसरी रीत छातीच्या पुढील बाजूची. उरोस्थीच्या दोन्ही कडांस छातीचा मोठा स्नायु आणि बरगड्यांमधील स्नायु यांच्यामध्यें औषध सोडावयाचें. ही दुसरी आमच्या वांट्यास आली. आम्ही भुलींत असतांनाच, जागे होण्यापूर्वीं, प्रत्येक बाजूस सुमारें २० मिलिलिटर औषध सोडण्यांत आलें. याहून खोलवर औषध सोडण्याचाहि एक प्रकार आहे. परंतु तेथें उरोस्थीच्या कडेनें जाणारी धमनी आणि फुप्फुसाचें आवरण जवळ असल्यामुळें फार जपावें लागतें.

यांत जादू कांहीं नाहीं, हेंहि बाईंनीं आधींच सांगून ठेवलें होतें. "एका सुईचा परिणाम कांहीं तासच टिकतो. पोटाच्या वरच्या बाजूनें नळ्या निघतात, तिथलें दुखणें यानें पुरतें जाणार नाहीं. पायांतली शीर काढूं, तो पायहि दुखेल. कधीं कधीं औषध हवें तसें पसरत नाहीं. प्रमाणाबाहेर रक्तांत गेलें तर झटके येतात, हृदयाची लय बिघडते; म्हणून मात्रा वजनाप्रमाणें मोजून देतों आणि उतारा जवळ ठेवतों." प्रयोगांवरून इतकें दिसतें कीं पहिल्या दिवशीं दुखणें कमी होतें आणि अफूवर्गीय औषध कमी लागतें, परंतु रोगी घरीं लौकर जातो किंवा महिनोन् महिने रेंगाळणारी छातीदुखी टळते, असें ठामपणें म्हणण्याइतका पुरावा अद्याप जमलेला नाहीं. आपल्या विद्येची मर्यादा आपण होऊन सांगणारा वैद्य भेटला म्हणजे रोग्याचें अर्धें भय तेथेंच जातें.

शस्त्रक्रियेच्या दिवशीं संध्याकाळीं श्वासाची नळी काढली. कांहीं वेळानें परिचारिका जवळ आली व म्हणाली, "आजोबा, दुखणें दहांपैकीं किती?" आयुष्यभर दुसऱ्यांस गुण दिले, आपल्या दुखण्यास गुण देण्याचा प्रसंग हा पहिलाच. "दोन," आम्हीं सांगितलें, आणि तें खरें होतें. छातीवर कोणी जड उशी ठेवली आहे एवढेंच वाटे. उशी पोटाशीं धरून आम्ही खोकलों, नळींतून श्वास ओढून तीन चेंडूंपैकीं दोन वर चढविले, आणि मनांत म्हटलें, जिंकली!

पहांटे औषध उतरलें. आधीं नळ्यांच्या जागीं कळा येऊं लागल्या, मग पाय, मग तें हाड. करवतीची धार आतां कोठें आपणांस भेटत आहे असें वाटलें. परिचारिकेनें पुन्हां तोच प्रश्न केला, आणि आम्हीं, सत्याचे पाठ देणाऱ्या शिक्षकानें, उत्तर दिलें, "तीन."

तिनें आमच्या तोंडाकडे पाहिलें. "बरं, मग खोका पाहूं." आम्हीं उशी कवटाळली, श्वास घेतला, आणि तो अर्ध्यावरच अडला. डोळ्यांत पाणी उभें राहिलें. ती शांतपणें म्हणाली, "आजोबा, हे तीन नाहींत. खोटे आंकडे दिलेत तर मी औषध कशावरून देऊं?" वयानें ती आमच्या नातीएवढी. आम्हांस मेल्याहून मेल्यासारखें झालें. छत्तीस वर्षें ज्या लबाडीसाठीं आम्हीं मुलांचे गुण कापले, तीच आम्हीं केली होती. "आठ," आम्हीं म्हटलें. तिनें लागलीच डॉक्टरांस विचारून शिरेंतून पॅरासिटामॉल आणि अफूवर्गीय औषधाची लहानशी मात्रा दिली. अर्ध्या तासानें आम्ही पोटभर खोकलों. पहांटेचा तो कफ बाहेर पडल्यानें झालेला आनंद संस्कृत काव्यांत कोठें वर्णिलेला नाहीं, पण तो लहान नव्हता. नवव्या दिवशीं आम्ही घरीं आलों.

दोन दिवसांनीं दादा काठी टेकीत समाचारास आले. "खोकला काढलास ना रे?" हा त्यांचा पहिला प्रश्न. आम्हीं ब्लॉकची आणि दहांपैकीं आठांची सारी हकीकत सांगितली. त्यांनीं ती ऐकून घेतली, आणि सदऱ्यावरून छातीच्या मधोमध बोट फिरवीत म्हणाले, "मला इथें सदरा टेकला तरी आग होत असे. दोन वर्षें. थंडींत अजून होते."

"दादा! आणि आपण कधीं बोललां नाहीं?"

"तुम्ही सगळे इतकें कौतुक करीत होतां," दादा म्हणाले. "मग बोलायचें कसें?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. दादांचें तोंड आम्हीं बंद केलें होतें, धाकानें नव्हे तर कौतुकानें. आणि त्या कानदुख्या मुलाचें तोंड तितिक्षेच्या एका शब्दानें. शांकर परंपरेच्या 'विवेकचूडामणि' या ग्रंथांत तितिक्षेची व्याख्या आहे; प्रतिकार न करतां, चिंता व विलाप न करतां दुःखें सहन करणें अशा आशयाची. ती आम्हीं शेंकडों वेळां शिकविली. परंतु ती व्याख्या मोक्षाच्या इच्छेनें स्वतः होऊन तें व्रत पत्करणाऱ्या साधकासाठीं आहे. दुसऱ्याच्या दुखऱ्या अंगावर ती लादण्याचा अधिकार त्या ग्रंथानें कोणा मास्तरास किंवा नातलगास दिलेला नाहीं, ही साधी गोष्ट आमच्या ध्यानांत यावयास छाती चिरावी लागली.

म्हणून ज्या घरांत असा प्रसंग येईल त्या घरच्या मंडळींस आमची विनंति आहे. शस्त्रवैद्याची कीर्ति आपण दहा ठिकाणीं विचारतों. तशी भूल देणाऱ्या डॉक्टरांचीहि आदल्या दिवशीं भेट मागावी. शस्त्रक्रियेनंतर दुखण्यावर काय योजना आहे, ब्लॉक देतां येईल काय, आणि त्याचा परिणाम उतरल्यावर पुढें काय, हें विचारावें. रक्त पातळ होण्याचीं औषधें आणि पूर्वीं एखादें औषध बाधलें असल्यास तें न लपवितां सांगावें. सर्वांस ब्लॉक देतां येईलच असें नाहीं. तो निर्णय त्यांचा. आणि समाचारास गेल्यावर रोग्याच्या धैर्याची स्तुति करण्याऐवजीं खोकला सुटतो ना, श्वास पुरा घेववतो ना, एवढें विचारून तो काय सांगतो तें ऐकावें.

वर्षभर मागें लागल्यावर दादा आतां त्याच डॉक्टरीणबाईंस छाती दाखविण्यास तयार झाले आहेत. इतक्या जुन्या दुखण्यावर कितपत उपाय होईल तें तपासल्यावर कळेल. पुढील आठवड्यांत आम्हीं त्यांस घेऊन जावयाचें आहे. त्यांनीं अट मात्र एक घातली आहे: किती दुखतें तें डॉक्टरांस सांगतांना खोलींत घरचें कोणी असतां कामा नये. ती आम्हीं मान्य केली आहे.